काळा टी-शर्ट, कोरी पाठ : मल्हारगंजातला छपाईवाला

टी-शर्टवर छपाई करून घ्यायची असेल तर इंदुरात मी मल्हारगंजातल्या या दुकानात जाईन. घाई असेल तर मात्र जाणार नाही. एवढ्यावर ज्यांचं काम भागलं त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे मी आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडवर घसरणार आहे.

बडा गणपतीकडून राजवाड्याकडे येताना आत वळणाऱ्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. ऊन अडवायला कुठल्यातरी निवडणुकीचा फ्लेक्स उलटा करून दारात टांगलाय. बाहेरून नुसतं पांढरं दिसतं, आत गेलं की हात जोडलेला उमेदवार दिसतो. काका मराठी, दोन्ही कारागीर हिंदी, आणि काकांच्या एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. आपल्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः गणपती मंडळं, रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत जाणाऱ्या मिरवणुकीत, निघणाऱ्या टोळ्या, शाळांचे हाउस आणि निवडणुका आल्या की उमेदवार. कवटीवाला काळा टी-शर्ट मागणारी चाळिशीपुढची माणसं त्यांनी आमच्या आधी पाहिली नव्हती.

आमचा कंपू असा : एक दंतवैद्य, एक गणिताचा क्लासवाला, आम्ही बँकेतल्या दोघी, त्यांचे-आमचे काही शाळासोबती आणि वयाची अट मोडून घुसलेला माझा पुतण्या. मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीताचा फेस्टिव्हल भरतो, त्याच्या पुढच्या खेपेला मेडन मुख्य बँड म्हणून येणार, असं दंतवैद्याच्या मनाने घेतलंय. त्याचं गणित सोपं आहे. 2023 साली इमॅजिन ड्रॅगन्सबरोबर द स्ट्रोक्स होते, 2024 ला स्टिंग, 2025 ला ग्रीन डे, 2026 ला लिंकिन पार्क. म्हणजे दर वर्षी तरुण पोरांसाठी एखादं ताजं नाव आणि आमच्यासारख्यांसाठी एखादं जुनं खोड. मग पुढचं खोड कोण? क्लासवाला म्हणतो, चार आकड्यांवरून पाचवा काढायचा असेल तर त्याला हवं ते उत्तर काढता येतं. तो हे दंतवैद्याला गेले कित्येक महिने सांगतोय आणि उपयोग शून्य.

मेडनचा चाहता आणि काळा टी-शर्ट यांचं नातं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पुढे चित्र असतं आणि पाठीवर दौऱ्यातली शहरं आणि तारखा. पाठ महत्त्वाची. पुढचं चित्र कुणीही विकत घेऊ शकतो, पाठीवरच्या एखाद्या ओळीला आपण हजर होतो हे सांगता येणं ही खरी कमाई. 2008 च्या दौऱ्याच्या यादीत पहिलं नाव मुंबईचं आहे, 1 फेब्रुवारी, वांद्रे-कुर्ला संकुल. जगभरचा दौरा आपल्याकडून सुरू झाला आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 चालवत बँड, माणसं आणि सामान घेऊन उतरला. त्या गर्दीत मी होते. त्याच्या आदल्या वर्षी आणि पुढच्या वर्षी, म्हणजे 2007 आणि 2009 ला, ते बंगळुरात वाजवून गेले. 2009 नंतर इकडे फिरकलेले नाहीत. तेव्हा दंतवैद्याच्या गणिताला आम्ही हसतो, पण त्याच्या भुकेला हसत नाही.

तर टी-शर्ट आधीच छापून तयार ठेवायचे, असं ठरलं. पुतण्याने मोबाइलवर एडीचं, म्हणजे मेडनच्या प्रत्येक अल्बमवर असणाऱ्या त्या सांगाड्यासारख्या भुताचं, चित्र काकांपुढे धरलं. काकांनी चष्मा वर सरकवला.

“हे भूत तुमचं का?”

“नाही काका, बँडचं आहे.”

“मग नाही छापणार. गणपती कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून छापतो.”

पुतण्या वाद घालायला लागला की रस्त्यावर दीडशे रुपयांत सगळीकडे मिळतात. काका म्हणाले, “मग रस्त्यावरून घे ना बेटा.” नकली मालावर धाड पडते तेव्हा सगळ्यात आधी छापणारा सापडतो, एवढंच त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मला ते आवडलं. शेवटी माझ्या भाचीने चित्र काढून दिलं. होळकरी पगडी घातलेला सांगाडा, एक पाय पुढे रोवून बेस गिटार बंदुकीसारखी रोखलेली, आणि मागे राजवाड्याचे सात मजले. पाय रोवायची ती ऐट मेडनच्या बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसची, हे बघणाऱ्याला कळायचं तर कळेल. चित्र बघून काकांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली.

पाठीचा प्रश्न निघाला. दंतवैद्याला पाठीवर “मुंबई, महालक्ष्मी रेसकोर्स” आणि खाली तारीख हवी होती. काकांनी पावतीपुस्तकात लिहायला घेतलं.

“तारीख सांगा.”

“अजून जाहीर नाही.”

“बरं, पार्टी कोण?”

“तेही जाहीर नाही. पण नक्की आहे.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “डॉक्टरसाहेब, पाठ कोरी राहू द्या. पक्कं झालं की सगळे टी-शर्ट एकदम घेऊन या, पाठ तेव्हा मारून देतो. एकच रंग आहे, एकच स्क्रीन. नाही झालं तर निदान घालता तरी येतील.”

दुसऱ्या कुणी पैसे घेऊन छापून मोकळं केलं असतं. आमच्या हातात आज चुकीच्या तारखेचे दोन डझन टी-शर्ट असते. या एका सल्ल्यासाठी मी दुकानाला जे काही गुण असतील ते देते. वर त्यांनी एक गोष्ट बजावली जी मला माहीत नव्हती : पाठ छापायची बाकी असेल तोवर धुताना सॉफ्टनर घालायचा नाही. त्याचा थर कापडावर राहतो आणि मग शाई नीट धरत नाही. आमच्या घरी आता मशीनवर चिठ्ठी चिकटवलेली आहे.

कामाबद्दल. हल्ली थोड्या नगांसाठी सगळे डीटीएफ करून देतात. फिल्मवर रंगीत प्रिंट काढायची आणि गरम दाबून कापडावर चिकटवायची. झटपट होतं, फोटोसुद्धा निघतो, पण छातीवर रबराची चादर ठेवल्यासारखं वाटतं आणि मे महिन्यात तिच्याखाली घामाचं तळं होतं. मागे एका ऑनलाइन कंपनीकडून मागवलेल्या आमच्या टी-शर्टांच्या कडा थोड्याच धुण्यांत सुटल्या होत्या. इथे अजून स्क्रीन आहे. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, चौकटीवर ताणलेली जाळी, जाळीवर उजेडाने पक्का होणारा लेप. चित्राचा भाग तेवढा धुऊन निघतो आणि त्यातून शाई खाली उतरते. म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. भाचीच्या चित्रात सुरुवातीला सात रंग होते. काकांनी तिला शेजारी बसवून ते तीनावर आणले, आणि चित्र खरं तर सुधारलं.

काळ्या कापडावर लाल किंवा पिवळा थेट मारला तर तो मातकट दिसतो. म्हणून आधी पांढऱ्याचा थर, तो गरम दिव्याखाली जरासा सुकवायचा, मग त्यावर रंग. कारागीर स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, दोन्ही हातांनी अंगाकडे ओढतो. दाब सगळीकडे सारखा, वेग सारखा. पहिला पांढरा हात मारून चौकट उचलली तेव्हा नुसती पगडी आणि दातांच्या ओळी दिसत होत्या. कवटी दिसलीच नाही, कारण कवटीचा काळा हा कापडाचाच काळा. मग लाल आला आणि पगडीला घड्या पडल्या. कारागीर म्हणाला, “दीदी, अब हाथ मत लगाना, ये अभी कच्चा है.” शाई पक्की होते ती नंतर भट्टीत, दीडशेच्या वर तापमानात. ती अर्धवट भाजली गेली तर टी-शर्ट दिसतो उत्तम आणि धुण्यात तडकतो. आमचे अजून तडकलेले नाहीत. लहान मुलांसारखे ते ताणून बघितलेत, तरी नाही.

आता तक्रारी. ठरलेल्या दिवशी माल मिळाला नाही, त्यानंतरच्या ठरलेल्या दिवशीही नाही. मध्येच एका मंडळाचं काम घुसलं आणि आम्ही मागे पडलो. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. तिथे जाऊन उभं राहावं लागतं. माप लहान आहे. एक्सएल लिहिलेला आमच्या क्लासवाल्याला पोटावर बसला, आणि बदलून मिळत नाही कारण छापलेला असतो. आधी कोरा अंगात घालून बघायचा होता, हे तिथे कुणी सांगत नाही. एका टी-शर्टवर लाल रंग केसभर सरकला आणि सांगाड्याच्या पगडीला दुहेरी कड आली. तो काकांनी अर्ध्या पैशात दिला आणि पुतण्याने हट्टाने घेतला. त्याच्या मते सगळ्यात भारी तोच.

राहता राहिला मूळ मुद्दा, मेडन येणार का. माझं मत, फेस्टिव्हलला नाही. आले तर स्वतःचा कार्यक्रम घेऊन येतील, जसे गन्स अँड रोझेस 2025 च्या मे महिन्यात त्याच महालक्ष्मीवर स्वतंत्र आले. मेडनच्या कार्यक्रमात गाण्यांइतकंच नेपथ्य असतं. पडदे, आग, चालता-फिरता एडी. दिवसभर एकामागून एक बँड चढत-उतरत असताना मंचावर हा सगळा पसारा मांडायचा म्हणजे वेळ हवा. यावर दंतवैद्य म्हणतो की युरोपात ते फेस्टिव्हलच तर वाजवतात, इंग्लंडात डॉनिंग्टनच्या फेस्टिव्हलला 2013 साली त्यांच्या आधी डोक्यावरून दुसऱ्या महायुद्धातलं खरंखुरं स्पिटफायर विमान गेलं होतं. मी म्हणते, तेच सांगतेय मी. तिथे फेस्टिव्हल त्यांच्या तालावर चालतो. इथे त्याच दिवशी दुसऱ्या मंचावर डीजे असतो आणि अर्धी गर्दी त्याच्यासाठी आलेली असते. पुतण्याचं म्हणणं, आता रंगवलेल्या पडद्यांच्या जागी ते मोठा एलईडी पडदा वापरतात, तेव्हा पसारा कमी झालाय. हा मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही.

वयाचंही आहे. बँड 1975 चा. ड्रमवाला निको मॅकब्रेन 2024 च्या डिसेंबरात साओ पावलोला शेवटचा वाजवून दौऱ्यांतून बाहेर पडला, त्याच्या जागी सायमन डॉसन बसतो. ड्रमवाला बदलल्यावर मेडन ते मेडन राहिलं का, यावर आमच्यात दोन तट आहेत आणि छप्पन दुकानवर त्यावरून इतका आवाज चढला की शेजारच्या टेबलावरचे लोक कचोरी घेऊन उठून गेले. मला विचाराल तर हॅरिस आहे तोवर मेडन आहे. पण पन्नास वर्षं जुन्या बँडची वाट बघताना “पुढच्या वर्षी” हे शब्द जपून वापरावेत.

दंतवैद्याने तिकीट काढायचं ठरवलंय, तेही नावं जाहीर होण्याआधी, कारण तेव्हा ते स्वस्त मिळतं. कोण वाजवणार हे न कळता हजारो रुपये भरायचे हे माझ्या बँकवाल्या डोक्यात बसत नाही. मी नावं आल्यावर महाग घेईन. अवंतिका एक्सप्रेसचं आरक्षण तेवढं करून ठेवलं असतं, पण तारीखच नाही. काकांच्या पावतीपुस्तकासारखी माझीही गाडी तिथेच अडते.

कुणाला तिथे काम द्यायचं असेल तर : बाराच्या आत नग घेत नाहीत. अर्धे पैसे आधी, यूपीआय चालतं. चांगल्या जाड सुती कापडाचा, तीन रंगांचा टी-शर्ट आम्हाला नगाला साडेतीनशेच्या आसपास पडला, स्क्रीनचे पैसे वेगळे. कापड दोन प्रकारचं दाखवतात. पातळ घेऊ नका, एका उन्हाळ्यात त्याची गळ्याची पट्टी लोंबते. चित्र स्वतःचं न्या, किंवा ज्याचं असेल त्याची परवानगी न्या. स्क्रीन सहा महिने सांभाळतात, मग धुऊन दुसऱ्या कामाला घेतात. पुढच्या चित्राचे आणखी टी-शर्ट हवे असतील तर त्या आत सांगा. पाठीच्या अक्षरांची स्क्रीन नवी करावीच लागते, तिचे तेव्हाचे पैसे द्यावे लागतील. गणेशोत्सवाच्या आधीचा महिना आणि रंगपंचमीच्या आधीचे पंधरा दिवस तिकडे फिरकू नका. आणि नेमकी त्याच दिवसांत नावं जाहीर झाली तर दंतवैद्याला आवरायला कुणीतरी माझ्याबरोबर चला.