डोव्हरची युद्धकालीन भुयारं : किल्ला की फॅन बे?

लंडनहून सकाळी निघून रात्री परतायचं असेल, तर इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या, फ्रान्ससमोरच्या डोव्हरमध्ये किल्ल्याखालची भुयारं आणि फॅन बे इथल्या कड्यातला, दुसऱ्या महायुद्धातल्या तोफखान्याच्या सैनिकांचा निवारा ही दोन्ही नीट पाहून होत नाहीत. माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल, सोबत लहान मुलं किंवा आई-वडील असतील, तर किल्ला. डंकर्कचा, म्हणजे 1940 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य समुद्रमार्गे परत आणल्याचा इतिहास थोडाफार माहीत असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर फॅन बे.

किल्ल्याखालची भुयारं मुळात नेपोलियनच्या धास्तीने खोदलेली आहेत. 1797 पासून काम सुरू झालं, फ्रेंचांनी चढाई केलीच तर फौज ठेवायला जागा हवी म्हणून. तिथे 2000 सैनिकांची सोय होती. पुढे 1940 च्या मे महिन्यात याच खोल्यांत बसून व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे यांनी डंकर्कची सुटका चालवली. दोन दिवसांत 45 हजार माणसं परत आणता आली तरी पुष्कळ, असा सुरुवातीचा हिशेब होता. 26 मे ते 4 जून या काळात 3,38,226 सैनिक परत आले. त्यांत आपल्याकडच्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर-तुकड्यांचे जवानही होते; त्यांची खेचरं मात्र फ्रान्समध्येच राहिली.

आज इथे गटागटाने आत सोडतात. भिंतींवर चित्रफिती, बाँबचे आवाज, मांडून ठेवलेल्या कचेऱ्या. दुसऱ्या फेरीत भुयारातलं इस्पितळ दाखवतात. सगळं क्रमाने उलगडत जातं, त्यामुळे काहीच वाचून न आलेल्या माणसालाही युद्ध समजतं. माझी तक्रार एकच आहे. गट पुढे सरकला की आपल्यालाही सरकावं लागतं, एखाद्या खोलीत रेंगाळता येत नाही. पण त्याच तिकिटात राजा दुसऱ्या हेन्रीच्या काळातला, 1180 च्या दशकातला मुख्य मनोरा आणि रोमन दीपगृहही पाहता येतं. दिवस तिथेच जातो.

फॅन बेला यातलं काहीच नाही, आणि म्हणूनच ते मला जास्त भिडलं. 1940 च्या उन्हाळ्यात चर्चिल डोव्हरला आले होते. शत्रूची जहाजं इंग्लिश खाडीतून बिनधास्त जाताहेत हे पाहून त्यांनी इथला किनारी तोफखाना वाढवायला लावला. फॅन बेला सहा इंची तीन तोफा बसल्या. त्या चालवणाऱ्या सैनिकांसाठी भुयारं खोदणाऱ्या पलटणींनी साधारण शंभर दिवसांत कड्याच्या पोटात 23 मीटर खोल निवारा तयार केला. पलीकडच्या फ्रेंच किनाऱ्यावरून जर्मन तोफा डोव्हरवर 1944 पर्यंत मारा करत होत्या, तेव्हा ही माणसं इथे झोपत होती.

युद्धानंतर हे सगळं बुजवून टाकलं गेलं. वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2012 मध्ये ती जमीन घेतली, स्वयंसेवकांनी टनावारी माती-दगड उपसला आणि 2015 मध्ये निवारा खुला झाला. हेल्मेट घालून, बॅटरीच्या उजेडात 125 पायऱ्या उतरायच्या. खाली गंजलेल्या लोखंडी कमानी आणि खडूच्या मऊ दगडात सैनिकांनी कोरलेली नावं. कुणीतरी कंटाळून कोरलेली ती अक्षरं वाचताना युद्धातला मोठा भाग नुसतं वाट पाहण्यात जात होता, हे किल्ल्यातल्या कुठल्याही चित्रफितीपेक्षा स्पष्ट कळतं.

भुयार संपतं तिथे ध्वनिआरसे आहेत. काँक्रीटच्या या दोन प्रचंड अंतर्गोल तबकड्या पहिल्या महायुद्धापासूनच्या काळातल्या. येणाऱ्या विमानाचा आवाज तबकडीत गोळा होऊन एका बिंदूवर यायचा आणि तिथला सैनिक तो कान लावून ऐकायचा. रडार आलं आणि त्यांचं काम संपलं. अशी वस्तू इतक्या जवळून पाहायला फार थोड्या ठिकाणी मिळते.

पण अडचणीही नीट समजून घ्या. पार्किंगपासून कड्यावरून पाऊण तासाच्या आसपास चालावं लागतं. उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्या असतात. लहान मुलांना आत घेत नाहीत. बंद जागेची भीती असलेल्यांनी हट्ट करू नये. निवारा वर्षभर उघडा नसतो, म्हणून तारीख पाहिल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका.

तिसरा पर्याय वेस्टर्न हाइट्सचा. गावाच्या दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर नेपोलियनकाळातले खंदक, तटबंदी आणि दुसऱ्या महायुद्धातले तोफांचे चौथरे आहेत. बाहेरून फिरायला पैसे लागत नाहीत. सह्याद्रीतले गड पायाखाली घातलेल्यांना तिथे आवडेल, कारण माहितीचे फलक मोजकेच आणि झाडोरा भरपूर. फक्त त्यासाठी लंडनहून येऊ नका. दोन तास हाताशी उरले तर जा.

मुक्काम करणार असाल, तर पहिल्या दिवशी किल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फॅन बे, याच क्रमाने करा. दुसऱ्या दिवशी वाऱ्यापावसाचा अंदाज असेल तर क्रम उलटा करा, कारण कड्यावरची वाट निसरडी होते आणि किल्ल्याची भुयारं पावसातही पाहता येतात. किल्ला इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे आहे आणि फॅन बे नॅशनल ट्रस्टकडे, त्यामुळे एकाचं सभासदत्व दुसरीकडे चालेल असं धरून चालू नका.