शैक्षणिक कर्ज, दीड वर्ष वापरल्यावर: व्याज सोसतं, शिक्का सोसत नाही

तारण नाही, जामीन नाही, पालक सहकर्जदार, कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. चार लाखांपर्यंतच्या कर्जाचं हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, ते पुन्हा लिहीत नाही. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला नोकरी. मुलगा नाशिकच्याच एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्धी ट्यूशन फी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून सुटते, उरलेली फी आणि लॅपटॉप कर्जातून.

आता मुद्द्याचं. शिक्का.

बँक पैसे थेट कॉलेजच्या खात्यात टाकते, आणि ते चांगलंच आहे. घरात आलेली रक्कम कुणाच्या ना कुणाच्या लग्नात जाते. पण प्रत्येक सेमिस्टरची रक्कम सुटायला कॉलेजचं फी मागणीपत्र लागतं. लेटरहेडवर, मूळ प्रत, सही आणि गोल शिक्क्यासह. कॉलेज देतं पीडीएफ, खाली क्यूआर कोड. बँकेतले साहेब म्हणतात, क्यूआर आमच्याकडे चालत नाही. कॉलेजच्या खिडकीवरच्या मॅडम म्हणतात, सिस्टीम ऑनलाइन झाल्यापासून आम्ही शिक्के मारत नाही. फार विनवल्यावर त्यांनी लेखा विभागाचा शिक्का मारला. तो निघाला चौकोनी. बँकेत परत. "गोल पाहिजे." गोल शिक्का प्राचार्यांच्या कपाटात, प्राचार्य मीटिंगला पुण्यात. तोवर फीची तारीख उलटली आणि कॉलेजने दंड लावला. बँक म्हणते, दंडाची रक्कम कर्जात बसत नाही. म्हणजे चौकोनाचा गोल होईपर्यंतचा खर्च माझ्या खिशातून. लाखांचं कर्ज बिनतारणी द्यायला यांचा विश्वास बसतो, क्यूआर कोडवर बसत नाही.

सुरुवातीचा अनुभवही गोड नव्हता. पहिल्या शाखेने पत्ता बघून सांगितलं, तुम्ही आमच्या हद्दीत येत नाही. घर शाखेच्या कार्यक्षेत्राबाहेर आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना कळवलंय. ते परिपत्रक छापून दुसऱ्या शाखेत घेऊन गेलो, तिथे हद्दीचा विषयच निघाला नाही. तिथे विषय निघाला "एखादी छोटी एफडी ठेवा ना आमच्याकडे" हा. ठेवली नाही. लेखी मागा म्हटल्यावर तो विषयही मिटला.

इथपर्यंत लिहून दोन तारे देणार होतो. मग पासबुक भरून आणलं आणि नीट वाचलं. शिकत असताना व्याज सरळ धरलंय, चक्रवाढ नाही. कर्ज रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने देते त्याच्याशी, जोडलेलं आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला, त्यानंतर माझाही दर उतरला, अर्ज न करता, शिक्का न मारता. शिवाय शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिलं तर पुढे दरात एक टक्का सवलत देण्याची सोय बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. ती आपल्या बँकेत आहे का, हे मंजुरीपत्रात बघून घ्या, तोंडी कुणी सांगत नाही. ऐंशी हजारांवर दहा टक्क्यांनी महिन्याचे साडेसहाशेच्या वर होतात. दोन ओव्हरटाइममध्ये निघतात. तीन तारे.

चौथा का नाही, ते ओव्हरटाइमवरच येतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक कोर्सला शिक्षणकाळातलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. ओव्हरटाइम धरून माझं त्याच्या थोडं वर जातं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आली: साडेचार ते आठ लाखवाल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-अनुदान, आणि कर्जाला रकमेची अट न घालता तारण-जामीन माफ. पण ती सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमधल्या संस्थांनाच. जाहीर झाली तेव्हा यादीत 860 होत्या. आमचं कॉलेज त्यात नाही. असतं तरी राज्याची शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ते तीन टक्के मिळत नाहीत.

गरज बघायची की कॉलेजचा नंबर? कॉलेज रोडचे महागडे क्लास ज्याला परवडले, तो यादीतल्या कॉलेजात पोचण्याची शक्यता जास्त, आणि सवलतही त्याच्याच पुढ्यात. साध्या कॉलेजात शिकणाऱ्याला साधंच कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलं की त्याच्याकडे तारण मागतात. गंगापूर रोडला फ्लॅट असणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, निफाडला सामाईक सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला सगळ्या भावांच्या सह्या गोळा कराव्या लागतात.

निफाडचं उदाहरण घरातलंच आहे. साडूच्या मुलीला, व्यावसायिक कोर्सच्या मुलींसाठीच्या राज्याच्या 2024 च्या निर्णयामुळे, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. छानच झालं, नाहीतर तिला बीए करून बसवली असती. पण हॉस्टेल-मेसचं ओझं आहेच, आणि तेवढ्यासाठी कर्ज मागितलं तर शाखेतला माणूस म्हणतो, फी माफ आहे ना, मग कर्ज कशाला? हॉस्टेल आणि मेसचा खर्च कर्ज योजनेत बसतो. हे साडूने त्याला योजनेचा कागद दाखवून पटवलं.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणाऱ्या, आयकर कलम 80ई च्या करसवलतीबद्दल लोक फार उत्साहाने सांगतात. माझ्या पगारावर करच लागत नाही, सवलत घेऊ कशातून?

नवीन घेणाऱ्यांसाठी एवढंच: उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या. आणि प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजात विचारा, गोल शिक्का कुणाकडे असतो.