दिवाळी ते मृग : स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा अनुभव

मराठवाड्यातील जुनी मंदिरे, वीरगळ आणि शिलालेख यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचा मला छंद आहे. त्यासाठी आणि घरच्या कार्यांसाठीही उपयोगी पडेल म्हणून गेल्या दिवाळीत मी खिशात मावणारा एक साधा डिजिटल कॅमेरा घेतला. २० मेगापिक्सेल, १/२.३ इंची सीसीडी सेन्सर (सेन्सर म्हणजे उजेड टिपून चित्र घडवणारी चिप, सीसीडी हा तिचा एक प्रकार), ८ पट ऑप्टिकल झूम आणि ७२०पी व्हिडिओ अशी त्याची घडण आहे. या वर्गातील बऱ्याच कॅमेऱ्यांची घडण थोड्याफार फरकाने अशीच असल्यामुळे कंपनीचे नाव लिहीत नाही. आता मृग लागला आहे, आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की या कॅमेऱ्याचे मोल सर्वस्वी उजेडावर ठरते.

उजेड असेल तर त्याचे काम खरोखर समाधान देणारे आहे. औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाहेरील भिंतींवर शिल्पांचे थर वरपर्यंत गेलेले आहेत, आणि वरच्या थरातील एखाद्या मूर्तीच्या हातातील आयुध ओळखायचे असेल तर स्वस्त मोबाइलचा उपयोग होत नाही, कारण त्याचा झूम म्हणजे बहुतेक वेळा चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे असते. येथे भिंगच पुढे सरकते, त्यामुळे दूरच्या मूर्तीचे अलंकारही स्पष्ट येतात. मात्र सेटिंगमधील डिजिटल झूम पहिल्याच दिवशी बंद करावा, कारण तोही मोबाइलसारखाच तुकडा कापून मोठा करतो. शिलालेखासाठी सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. ऊन तिरपे पडले की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि झिजलेली ओळही वाचता येते. भर दुपारी तोच दगड सपाट दिसतो, आणि तेव्हा कोणताही कॅमेरा फारसा कामाचा नसतो.

काळ्या बेसाल्टची वास्तू आणि मागे रखरखीत आकाश, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. वेरूळच्या कैलास लेण्यात दगड नीट दिसावा तर आकाश पांढरेफटक होते आणि आकाश सांभाळावे तर शिल्पे काळवंडतात. एवढा लहान सेन्सर दोन्ही टोके एकदम पकडू शकत नाही. उलट बीबी का मकबऱ्यासारख्या पांढऱ्या वास्तूला कॅमेरा करडी करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे चित्राचा उजळपणा हाताने कमी-जास्त करण्याची सोय वापरून काळ्या दगडासाठी थोडे उणे आणि पांढऱ्या भिंतीसाठी थोडे अधिक केले की रंग जागेवर येतात. ही सोय नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

अंधारात मात्र हा कॅमेरा उघडा पडतो. त्याचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे. शिवाय भिंग पूर्ण पुढे काढल्यावर ॲपर्चर (उजेड आत येण्याचे भोक; आकडा वाढला की ते लहान होते) एफ/३.३ वरून एफ/६.३ वर जाते आणि आत येणारा उजेड पावपटीच्या आसपास उरतो. ही तूट कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवून भरतो; ४०० पर्यंत चित्र चांगले असते, ८०० नंतर चेहरे पुसट होतात. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे आणि चित्रांच्या जपणुकीसाठी ती अगदी योग्य आहे, पण त्यामुळे तेथील मंद प्रकाशात या कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. भिंगातील स्टॅबिलायझर हाताचा कंप सावरतो, पण धावणारे नातवंड सावरत नाही. रात्रीच्या वरातीत दिव्यांमुळे व्हिडिओवर उभे पट्टे उमटतात. हा सीसीडी सेन्सरचा स्वभावच आहे. लग्नघरासाठीच कॅमेरा हवा असेल, तर तेवढे पैसे बऱ्या मोबाइलमध्ये घालणे शहाणपणाचे.

शेतकरी मित्रांसाठी एक खुलासा. ई-पीक पाहणीचे (सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याच्या सरकारी सोयीचे) छायाचित्र मोबाइलच्या ॲपमधूनच, स्थळाच्या नोंदीसह काढावे लागते. त्या कामी हा कॅमेरा चालत नाही.

घरच्या अल्बमसाठी २० मेगापिक्सेलची गरज नसते. चार बाय सहा इंची प्रिंटला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात, म्हणून कौटुंबिक छायाचित्रे मी ५ मेगापिक्सेलवर काढतो आणि पूर्ण आकार शिल्पांसाठी राखतो. बॅटरी एका चार्जवर साधारण दोनशे छायाचित्रे देते. दिवसभर फिरायचे असेल तर दुसरी जवळ हवीच. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहण्याची खिडकी) नसल्याने उन्हात पडदा दिसत नाही, टोपीची सावली धरावी लागते.

उन्हाळ्यात विशेष जपावे लागते. माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत दिली आहे आणि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा त्यापुढे जातो, त्यामुळे बंद गाडीत कॅमेरा ठेवू नये. मळणीच्या दिवसांत तर तो खळ्याकडे नेऊच नये. भिंग सुटे होत नसल्याने आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.