गलातापोर्टवर उतरून एक दिवसाचे इस्तंबूल: जहाजाची सहल घ्यावी की ट्राम धरावी?

इस्तंबूलमध्ये क्रूझ कंपनीची संघटित सहल घेण्याचे खरे कारण एकच असते, ते म्हणजे फार चालणे किंवा अनोळखी शहरात धावपळ करणे जमत नसणे. आणि नेमक्या याच कारणासाठी ती घेणाऱ्यांची तिच्यात सर्वाधिक परवड होते. हे मत ऐकीव नाही. आईच्या गुडघ्यांचा विचार करून आई-बाबांसाठी आम्ही जहाजावरच अर्ध्या दिवसाची सहल नोंदवली होती, तर पत्नी आणि मी त्याच सकाळी स्वतंत्रपणे बाहेर पडलो. एकाच दिवशी, एकाच बंदरातून, जवळजवळ तीच ठिकाणे दोन पद्धतींनी पाहून झाल्यामुळे तुलना करणे सोपे गेले.

आधी बंदराविषयी, कारण सगळा फरक तिथूनच पडतो. भूमध्य समुद्रातील अनेक मोठ्या शहरांची क्रूझ टर्मिनल्स गावाबाहेर, मालवाहू गोद्यांच्या पलीकडे असतात आणि शहरात पोहोचण्यातच सकाळ खर्ची पडते. 2021 मध्ये सुरू झालेले गलातापोर्ट हे इस्तंबूलचे क्रूझ टर्मिनल मात्र काराकॉय या शहरातल्या भागाच्या भर वस्तीत आहे. येथील पासपोर्ट तपासणी, सीमाशुल्क आणि सामानाची व्यवस्था जमिनीखाली आहे. वर समुद्राकाठचा रुंद पादचारी मार्ग आहे आणि जहाज लागते तेव्हा फरसबंदीतील झडपा वर उचलल्या जाऊन धक्क्याभोवती तात्पुरते कुंपण तयार होते. जहाज गेले की झडपा पुन्हा मिटतात आणि तो किनारा शहरातल्या लोकांना फिरायला मोकळा होतो. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सरकत्या जिन्याने वर आल्यावर समोर पत्र्याच्या शेड आणि टॅक्सीवाल्यांचा गराडा नसतो, तर थेट शहर असते. रेन्झो पियानो यांनी रचना केलेले इस्तंबूल मॉडर्न हे कलासंग्रहालयही अगदी लागून आहे. आवारातील दुकाने आणि उपाहारगृहे मात्र महागडी आहेत, तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही.

मार्माराच्या समुद्रातून जहाज आत येते तेव्हा डाव्या बाजूच्या डेकवर उभे राहावे, एवढे आवर्जून सांगतो. तोपकापी राजवाड्याचे टोक, त्यामागे आयासोफ्याचा (हागिया सोफियाचा) पसरट घुमट आणि सुलतान अहमद मशिदीचे सहा मिनार त्याच बाजूला येतात, आणि त्यासाठी नाश्ता अर्धा तास पुढे ढकलावा लागला तरी हरकत नाही.

आता जहाजाच्या सहलीविषयी. सगळ्यांना सकाळी जहाजाच्या नाट्यगृहात जमवले, छातीवर गटाच्या क्रमांकाचे स्टिकर लावले आणि आधीचे गट उतरेपर्यंत तसेच बसवून ठेवले, त्यामुळे आम्ही आयासोफ्याच्या रांगेत पोहोचलो तेव्हा आई-बाबांची बस नुकतीच सुटत होती. वातानुकूलित बस उत्तम होती आणि वाटाड्या अभ्यासू होता. बायझंटाईन आणि उस्मानी (ऑटोमन) काळाची सांगड त्याने फार सोप्या शब्दांत घातली, असे बाबा अजूनही सांगतात. पण घोडे अडले ते पुढे. आयासोफ्या जिथे आहे त्या सुलतान अहमद परिसराचा गाभा पादचाऱ्यांसाठी राखीव असल्यामुळे बस कडेलाच थांबते आणि तिथून पुढे सर्वांना सारखेच चालावे लागते. फरक एवढाच की गटाबरोबर चालताना वेग आपला नसतो, वाटाड्याच्या हातातल्या झेंड्याचा असतो. आईला दोनदा बसावेसे वाटले आणि दोन्ही वेळा गट पुढे गेला. एवढ्यावर भागले नाही. मशिदीनंतर ‘पारंपरिक कलेचे प्रात्यक्षिक’ या नावाखाली सर्वांना गालिच्यांच्या एका दुकानात नेण्यात आले, तिथे सफरचंदाचा गोड चहा देऊन एकामागून एक गालिचे उलगडून दाखवण्यात आले आणि दार लोटून बाहेर पडणे अवघड वाटावे इतक्या अगत्याने तासभर काढण्यात आला. माहितीपत्रकात या थांब्याचा उल्लेख होता, हे खरे; पण तो खरेदीचा थांबा आहे हे समजायला ओळींच्या मधले वाचावे लागले असते. तो तास बाकावर बसून मशिदीचे अंगण पाहण्यात गेला असता तर आईला विश्रांतीही मिळाली असती.

याच्या तुलनेत ट्राम किती साधी आहे, हे पाहून नवल वाटते. बंदरातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांत तोपहानेचा थांबा लागतो. टी-1 मार्गाची ट्राम तिथून काराकॉय, एमिनोन्यू, सिर्केजी आणि ग्युल्हाने करत सुलतान अहमदला पोहोचते, म्हणजे उतरायचे पाचव्या थांब्यावर. थांब्यावरील यंत्रातून इस्तंबूलकार्ट हे प्रवासाचे कार्ड घेऊन त्यात पैसे भरावेत. एकाच कार्डावर एकाहून अधिक माणसे जाऊ शकतात आणि तेच कार्ड फेरीबोटीलाही चालते. वाटेत गलाता पूल लागतो आणि त्याच्या कठड्याला सकाळपासून गळ टाकून उभ्या असलेल्या लोकांची रांग खिडकीतूनच दिसते. गर्दीच्या वेळी ट्राम खच्चून भरते आणि पाकीट सांभाळावे लागते, ही एक तक्रार. बाकी, एका माणसाच्या सहलीसाठी जहाजाने जे पैसे घेतले त्यात आम्हा दोघांची आयासोफ्याची तिकिटे, ट्राम आणि दुपारचे जेवण आरामात बसले.

आयासोफ्यासाठी मात्र दिवसातला सर्वांत मोठा वाटा राखून ठेवावा. इसवी सन 537 मध्ये सम्राट जस्टिनियनच्या काळात पूर्ण झालेली ही मूळची चर्चची वास्तू 1453 मध्ये मशीद झाली, 1935 पासून संग्रहालय होती आणि 2020 पासून पुन्हा मशीद आहे. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने थेट वरच्या सज्जात नेले जाते आणि त्यासाठी माणशी 25 युरो मोजावे लागतात. खालच्या मुख्य दालनात उतरता येत नाही, त्यामुळे ही रक्कम अनेकांना अवाजवी वाटते. मला ती वाटली नाही, कारण पाहण्यासारखे पुष्कळसे वरच आहे. दक्षिणेकडील सज्जात तेराव्या शतकातील देइसिसचे, म्हणजे मानवजातीसाठी ख्रिस्ताकडे विनवणी करणाऱ्या मेरी आणि योहानाचे, कुट्टिमचित्र (रंगीत तुकड्यांचे मोझेक) आहे. खालचा मोठा भाग झडून गेला आहे, पण ख्रिस्ताचा चेहरा जवळजवळ शाबूत आहे. जवळ जाऊन पाहिले तर गालावरची छटा बदलण्यासाठी कारागिराने किती बारीक तुकडे वापरले आहेत ते कळते, आणि एक पाऊल बाजूला सरकले की पार्श्वभूमीचे सोने एकदम मंद होते. त्याच सज्जातील संगमरवरी कठड्यावर कोणा हाफदान नावाच्या उत्तर युरोपातील माणसाने हजारएक वर्षांपूर्वी आपल्या लिपीत नाव कोरून ठेवले आहे. ऐतिहासिक वास्तूंवर नावे कोरण्याची हौस कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही, याचा हा बऱ्यापैकी जुना पुरावा. आम्ही गेलो तेव्हा घुमटाच्या दुरुस्तीसाठी आत पोलादी सांगाडा उभा होता आणि छायाचित्रे काढणारे हिरमुसले होते. वर जाण्याचा मार्ग दगडी उताराचा, गुळगुळीत झालेला आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी बरोबर घ्यावी. स्त्रियांना डोके झाकणे आवश्यक आहे, तेव्हा ओढणी जहाजावरूनच नेली की विकत घ्यावी लागत नाही.

समोरची सुलतान अहमद मशीद विनामूल्य आहे, पण नमाजाच्या वेळी पर्यटकांसाठी बंद होते. आम्हाला ती धावतीच पाहता आली. जवळचे भूमिगत जलाशय, म्हणजे बॅसिलिका सिस्टर्न, मात्र उन्हाच्या वेळेसाठी मुद्दाम ठेवावे. सहाव्या शतकातल्या या टाक्याचे छत 336 खांबांनी तोलून धरले आहे आणि अगदी टोकाच्या दोन खांबांखाली मेड्युसाची, म्हणजे ग्रीक पुराणकथांतील सर्पकेशी स्त्रीची, शिरे आहेत, एक आडवे आणि दुसरे उलटे. दिव्यांची रोषणाई जरा नाटकी आहे. तोपकापी राजवाडा आम्ही सोडला. त्याला अर्धा दिवस तरी द्यावा लागतो आणि जहाजाच्या प्रवाशाने तो एका तासात उरकू नये.

दुपारी बंदरावर परत येऊन आम्ही आई-बाबांना बरोबर घेतले आणि काराकॉयच्या धक्क्यावरून कादिकॉयची फेरीबोट पकडली. सुमारे वीस मिनिटांत माणूस युरोपातून आशियात पोहोचतो, भाडे ट्रामसारखेच किरकोळ असते आणि बसल्या जागी चिमुकल्या पेल्यात कडक चहा मिळतो. सकाळभर बसमध्ये काचेआडून जे दाखवले गेले नव्हते ते सगळे, म्हणजे दोन्ही किनारे, कन्येचा मनोरा, हायदरपाशा स्थानकाची भव्य इमारत, आईला लाकडी बाकावर बसून पाहता आले. ज्यांच्याबरोबर वडीलधारी मंडळी आहेत त्यांना माझा सल्ला असा की जहाजाची सहल टाळून सकाळी टॅक्सीने फक्त आयासोफ्या गाठावे आणि दुपार या फेरीबोटीसाठी ठेवावी.

जहाजाच्या सहलीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. ती सहल वाहतुकीत अडकली तर जहाज थांबते; आपण अडकलो तर थांबत नाही. म्हणून ठरलेल्या वेळेच्या निदान दीड तास आधी बंदरावर असावे, कारण परतताना तपासणीची रांग लांबते आणि जमिनीखालच्या दालनांतून चालणेही बरेच आहे. तुर्किये वर्षभर एकच वेळ पाळतो, तर याच सफरीत लागू शकणाऱ्या ग्रीसमध्ये हिवाळ्यात घड्याळ तासभर मागे जाते. त्या दिवसांत मोबाइलवरील वेळेऐवजी जहाजाने जाहीर केलेली वेळ धरावी. व्हिसाची अट क्रूझ कंपनीकडून आरक्षणाच्या वेळीच लेखी मागून घ्यावी. आणि पैसे भरण्यापूर्वी जहाज इस्तंबूलला कोणत्या वारी पोहोचते ते पाहावे: मंगळवारी तोपकापी बंद असतो, रविवारी ग्रँड बझार, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी.