शिसं शोधायला स्वॅब की एक्सआरएफ?

घरातल्या जुन्या रंगात किंवा भांड्यात विषारी शिसं आहे का, हे पाहायचे दोन मार्ग: घासून पाहायची रसायन लावलेली काडी, म्हणजे स्वॅब, आणि क्ष-किरणांनी शिसं मोजणारं यंत्र, म्हणजे एक्सआरएफ. स्वॅब हाताशी असतो, मिनिटांत निकाल देतो. शिसं भेटलं की ऱ्होडिझोनेट या रसायनाचा स्वॅब गुलाबी-लाल होतो. पण तो जिथे टेकतो तेवढंच पाहतो. म्हणून जुन्या रंगाला आधी तिरका काप द्या, लाकूड दिसेपर्यंत सगळे थर उघडे करा आणि त्या कापावर ३० सेकंद घासा. प्लास्टरची भुकटी लागली तर त्यातलं सल्फेट शिसं बांधून ठेवतं आणि रंग उमटतच नाही. उलट लाल वस्तूचा रंगच स्वॅबवर उतरला तर फुकटची भीती. स्वॅब कोरा राहिला म्हणजे शिसं नाही, असं कधीच धरू नका.

एक्सआरएफ यंत्र न खरवडता आतल्या थरांसकट शिशाचा आकडा देतं. नव्या रंगासाठी जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) सुचवते ती मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. इतकं कमी प्रमाण स्वॅबच्या आवाक्याबाहेरचं. यंत्र महाग, चालवणारा प्रशिक्षित हवा. शिवाय ते एकूण शिसं मोजतं. चिनीमातीच्या भांड्यातून अन्नात किती झिरपतं, हे ॲसिटिक ॲसिडची प्रयोगशाळा-चाचणीच सांगते.

एखाद्या खिडकीचा संशय असेल तर स्वॅब चालेल. घरात रांगतं मूल असेल तर थेट एक्सआरएफ. निकाल येईपर्यंत धूळ ओल्या फडक्यानेच पुसा, कोरडा झाडू नको.