क्रियापद ओळखण्याची सराववही : सात महिन्यांनंतर

इंग्रजी वाक्यातली क्रियापदं ओळखायची ही वही सात महिने जवळपास रोज वापरतोय, म्हणून आता लिहितोय. पहिल्या पंधरवड्यात लिहिलं असतं, तर नुसती कुरकुर केली असती.

'क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' ही पाठ केलेली व्याख्याच माझा घात करत होती. 'रनिंग इज गुड फॉर यू' या वाक्यात मी बिनधास्त 'रनिंग'खाली रेघ मारायचो. वहीचं सांगणं साधं आहे: वाक्य भूतकाळात न्या, जो शब्द बदलेल तो धरा. 'रनिंग वॉज गुड फॉर यू'. बदललं फक्त 'इज'. मग डोक्यात प्रकाश पडला, की मराठीतही 'धावणं चांगलं असतं' म्हणताना 'धावणं' हे नामाचंच काम करतं, क्रियापद 'असतं' हेच!

सगळ्यात जास्त फायदा झाला तो एकाच शब्दाची वेगवेगळी कामं पाहण्याचा. 'आय हॅव अ पेन'मध्ये 'हॅव' मुख्य क्रियापद, 'आय हॅव सीन इट'मध्ये तेच सहाय्यक. 'शी लुक्ड टायर्ड'मध्ये 'लुक्ड'च्या जागी 'वॉज' चपखल बसतं, कारण तिथे ते कर्त्याला विशेषणाशी जोडतंय. 'शी लुक्ड अ‍ॅट मी'मध्ये बसत नाही, तिथे खरोखर पाहणं आहे. यादी पाठ करून हे कधीच जमलं नसतं. 'कॅन', 'मस्ट' वगैरेंचा धडा मात्र दोन दिवसांत उरकला, त्यात अडण्यासारखं काही नाही.

आता खटकलेलं. उत्तरसूचीत फक्त उत्तरं आहेत, कारणं नाहीत, आणि एक उत्तर तर सरळ चुकलंय. 'द लेक्चर वॉज बोरिंग' हे अपूर्ण भूतकाळात टाकलंय. 'व्हेरी' घालून बघा: 'वॉज व्हेरी बोरिंग' चालतं, म्हणजे 'बोरिंग' विशेषण आणि क्रियापद एकटं 'वॉज'. उलट 'ही वॉज बोरिंग अ होल इन द वॉल' म्हणजे तो भिंतीला भोक पाडत होता. इथे 'व्हेरी' शिरतच नाही, म्हणून 'वॉज बोरिंग' मिळून क्रियापद. या एका चुकीपायी माझा आख्खा आठवडा गोंधळात गेला. नवशिक्याच्या हातात देताना हे पान आधी दुरुस्त करून द्या.

काळ बदलायची युक्ती 'कट', 'पुट', 'हिट' अशा शब्दांपाशी अडते, कारण भूतकाळातही त्यांचं रूप तेच राहतं. वहीत यावर अक्षरही नाही. मी तिथे वाक्य वर्तमानकाळात ठेवून कर्ता बदलतो: 'दे कट द रोप'चं 'शी कट्स द रोप' होतं आणि क्रियापद सापडतं. हे मी उत्तरसूचीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलंय. सध्या 'गेट'च्या धड्यावर आहे, आणि तो काही या महिन्यात संपत नाही.