भूल दिलेला उंदीर की जागा उंदीर?

हुंगण्याने नाकातल्या वास टिपणाऱ्या चेतापेशींचा प्रतिसाद कसा बदलतो, हे तपासायला कोणती पद्धत घ्यावी, असा पेच एका पीएचडीच्या विद्यार्थिनीला पडला आहे.

हवेवरचा ताबा बघायचा तर भूल दिलेला प्राणी केव्हाही सरस. श्वासनलिकेत दोन नळ्या बसवतात. एकीतून तो श्वास घेतो. दुसरी नाकाच्या दिशेने जाते आणि तिच्यातून पंप हवा ओढतो. सेकंदाला दोनदा की आठदा, हे आपण ठरवायचं. बिनवासाची नुसती हवाही ओढून बघता येते, आणि मला हे फार मोलाचं वाटतं, कारण यातल्या काही पेशी हवेच्या दाबालाही प्रतिसाद देतात.

जागा उंदीर आपल्या मर्जीने हुंगतो. निवांत असताना सेकंदाला एक-दोन श्वास, नवा वास आला की सहा-आठ. पण खरी गंमत इथेच आहे. 2007 मध्ये जाग्या उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की हुंगण्याचा वेग वाढला की आधीपासून दरवळणाऱ्या वासाला पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि नवा वास उठून दिसतो.

मेहनत मात्र जाग्या उंदराची जास्त. डोकं स्थिर ठेवायची सवय लावावी लागते, नाकातला दाब मोजणारी बारीक नळी शेंबडाने तुंबते.

पेशी दाब आणि वास कसा वेगळा ओळखते, हा प्रश्न असेल तर भूल देऊनच करावं. प्राणी हुंगण्याचा वापर कसा करतो हे हवं असेल, तर जाग्या उंदराला पर्याय नाही.